तळघरातला बँड आणि उंबराचं पाणी

कॅनडाहून परत आल्यापासून जो भेटतो तो नायगाराचं विचारतो. नायगारा मी पाहिला. पुष्कळ पाणी आहे, ते वरून खाली पडतं, आणि ते पाहायला आपल्याला रेनकोट घालून बोटीत उभं करतात. त्याविषयी इतरांनी बरंच लिहून ठेवलं आहे, हौस असेल त्यांनी ते वाचावं. मी लिहिणार आहे ते एका कळशीभर पाण्याविषयी, आणि ते पाणी वाजतगाजत आणणाऱ्या तीन विक्षिप्त माणसांविषयी.

मी वसईचा. दिवसा पोस्टात शिक्के मारतो आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. आम्ही कागदावरचं नोटेशन वाचून वाजवणारी माणसं. चर्चमधल्या मास्तरांनी छडी हातात घेऊन शिकवलं आहे. हल्ली मात्र लग्नाला बँड नको, ऑर्केस्ट्रा हवा, असं खूळ निघालं आहे. दोन इलेक्ट्रिक गिटारी, एक माईक, आणि गाणारा असा की त्याच्यापेक्षा माईकची शिट्टी सुरात असते. तेव्हा इलेक्ट्रिक गिटार या वस्तूवर माझा राग जुना आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

एकोणऐंशीच्या जुलैत भाचीच्या लग्नासाठी टोरांटोला गेलो. भाचीचं नाव फिलोमिना, घरात फिलो. तिची आई रेजिना ही माझी धाकटी बहीण. घरी आम्ही आमची सामवेदी बोली बोलतो, पण ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून इथे बोलणी सरळ मराठीत देतो.

टोरांटो, सोमवार

विमानतळावर फिलो एकटीच आली होती. माझी बॅग तिने डिकीत एका हाताने फेकली आणि गाडी सुरू करायच्या आत म्हणाली, "मामा, सीट बेल्ट लाव. आणि मला तुझ्याशी सीरियसली बोलायचंय."

"बोल की."

"मम्मी उंबराच्या पाण्याला येत नाही म्हणते. म्हणते, दादाने लेटर लिहिलंय."

पत्र मी लिहिलं होतं हे खरं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, प्रार्थना म्हणतात, पाणी काढतात आणि कळशी डोक्यावर घेऊन घरी येतात. त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. पुढे बँड, मागे बायका, आणि कळशीवर छत्री धरून नवरीचा मामा. हे उंबराचं पाणी. आम्ही ख्रिस्ती होऊन कित्येक पिढ्या झाल्या, पण ते आम्ही सोडलं नाही. त्या पाण्याला विधवेचा हात लागू नये, हेही सोडलं नाही. रेजिनाचा नवरा इनास मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गेला. म्हणून मी थोरला भाऊ या नात्याने चार ओळी लिहिल्या होत्या: तू दाराच्या आत थांब, पाणी बाकीच्या बायका आणतील, बोलणं नको. अक्षरही चांगलं काढलं होतं.

"इट्स नॉट फेअर, मामा," फिलो म्हणाली. "डॅडी नाहीत. आणि मम्मी असून पण नाही?"

"रीत आहे बाळा."

"मग रीतीचा फोन नंबर दे. मी कॅन्सल करते."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. रस्ते इतके रुंद की पलीकडचं माणूस ओळखू येऊ नये, आणि ओळखू यावं असं पलीकडे माणूसही नाही.

रेजिना दारातच उभी होती. बारीक झाली होती. तिने आधी माझ्या बॅगेतला बाटली मसाला, म्हणजे आम्ही वर्षभरासाठी बाटलीत भरून ठेवतो तो मसाला, शोधून हुंगला, मग मला जेवायला वाढलं: भात, कोलंबीचं कालवण आणि गरम फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव. पाण्याचा विषय मी काढला तेव्हा ती कांदा चिरत होती. "तू लिहिलंस तसंच करायचं, दादा. मी दाराआड थांबेन," ती म्हणाली आणि मान खाली घालून चिरत राहिली. माझं म्हणणं तिने मानलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही.

तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये कुणी खिळ्यांचा डबा ओतावा तसा.

"काय बिघडलं?" मी उठलोच.

"काही नाही. तो डग," रेजिना म्हणाली. "बेसमेंटमध्ये राहतो. म्युझिशियन आहे. इनासने ठेवलाय."

इनास वसईला आमच्याच बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. कॅनडात तो कारखान्यात लागला, ड्रम वसईला राहिला. तळघर भाड्याने द्यायची वेळ आली तेव्हा त्याने तीन शांत, सभ्य माणसं परत पाठवली आणि या डगला ठेवलं. "इनास गेला तेव्हा या बँडवाल्यांनी कितीतरी दिवस काही वाजवलं नाही," रेजिना सांगत होती. "मग मीच खाली जाऊन म्हटलं, वाजवा बाबांनो, घर खायला उठतंय."

तळघर, मंगळवार आणि बुधवार

दुसऱ्या दिवशी जाब विचारायच्या तयारीने खाली उतरलो. आणि पहिलीच गोष्ट दिसली ती इलेक्ट्रिक गिटार. ती आडवी टेबलावर ठेवलेली, आणि एक दाढीवाला उंच माणूस तारांमध्ये काटेचमचे अडकवत होता. आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी निदान गिटारीचे असे हाल कधी केले नव्हते.

डग हा गव्हाच्या शेतात वाढलेला, कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखातला. तिथे हिवाळ्यात बर्फाखेरीज करमणूक नाही. लहानपणी तो बापाच्या रेडिओची सुई फिरवत बसायचा, आणि कधीमधी फार लांबचं एक स्टेशन लागायचं. ढोल, शिट्ट्या, समजत नाही अशा भाषेतली गाणी, आणि त्यावरून सतत वाहणारी एक खरखर. ते ब्राझील होतं हे त्याला फार पुढे कळलं. ती खरखर हा त्या संगीताचाच भाग आहे, अशी त्याची पक्की समजूत. विशीत पैसे साठवून तो ब्राझीलमधल्या रेसिफे नावाच्या बंदराच्या शहरात गेला.

"आणि?" मी विचारलं.

"खरखर नव्हतीच," डग इतक्या खिन्नपणे म्हणाला की मला त्याची दया आली. "फार सुंदर होतं. पण अर्धंच वाटलं."

म्हणून त्यांच्या बँडमध्ये रेडिओची खरखर हे एक वाद्य आहे. दोन स्टेशनांच्या मधे सुई ठेवायची, आणि आवाज कमीजास्त करायचा. याला ते प्रायोगिक रॉक म्हणतात. तिथे तेव्हा असे बरेच जण होते. ठरलेल्या रॉकला कंटाळलेली गोरी माणसं ब्राझीलची, क्यूबाची रेकॉर्ड मिळवायची आणि पुन्हा पुन्हा लावून झिजवायची. ते ढोल जे करतात ते आपल्याला का जमत नाही, हा त्यांचा ध्यास. डगला जमलं, कारण त्याला दोना झेझे भेटल्या.

दोना झेझे साठीच्या, रेसिफेच्या, टोरांटोत हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला. 'दोना' म्हणजे आपलं 'बाई'. मुलीपाठोपाठ कॅनडात आल्या. कमरेएवढा ढोल पट्ट्याने गळ्यात अडकवून त्या उभ्या राहिल्या की तळघराच्या पायऱ्या थरथरत. दुसरा एक प्रकार त्या वाजवत, त्याने मी वेडा झालो: छोटा ढोल, आत चामड्याला बांधलेली काडी, ती ओल्या फडक्याने चोळायची. चौंडक्याच्या पोटातून पिपाणी रडावी तसा आवाज. डग ठेक्यात चुकला की त्या न बोलता त्याच्या पोटरीवर टिपरू मारत. मास्तरांची छडी आठवून मी जरा आदरानेच उभा राहिलो. तिसरा ल्यूक, मॉन्ट्रियलचा, ट्रॉम्बोन वाजवणारा. दर वाक्याला एक फ्रेंच शब्द जोडायचा आणि नोटेशन माझ्याहून झरझर वाचायचा.

दोना झेझेंचं इंग्रजी माझ्या पोस्टातल्या इंग्रजीहूनही मोडकं. पण पोर्तुगीजांनी वसईत बऱ्याच वस्तूंची नावं विसरून ठेवली आहेत. पाव, चावी, कोबी, फीत, घमेलं, एवढ्या भांडवलावर आमचं बोलणं चाललं. त्यांनी रेजिनाचे फुगे खाल्ले तेव्हा तर बोलायची गरजच पडली नाही. सात खाल्ले.

मी यांना उंबराच्या पाण्याचं मार्च, म्हणजे मिरवणुकीत चालताना वाजवायची धून, शिकवायला घेतलं, कारण टोरांटोत दुसरा बँड नव्हता आणि मला स्वतःला वाजवता येत नव्हतं. मामाने छत्री धरायची, वाजवायचं नाही. छत्री कशी धरतात हे दाखवायला मी ती उघडली, तर दोना झेझेंनी ओरडून माझ्या हातातून ओढून घेतली आणि नाचायलाच लागल्या. गुडघ्यात वाकून, छत्री एका हातातून दुसऱ्या हातात, एवढ्या वजनाची बाई भोवऱ्यासारखी फिरली.

"फ्रेव्हो!" ल्यूक म्हणाला. रेसिफेला पितळी बँडवर रस्त्यात हा नाच होतो, आणि नाचणाऱ्याच्या हातात छत्री लागतेच. लष्करी बँडच्या मार्चमधून निघालेलं संगीत आहे, चाल पळत सुटलेली. बरोबर आणलेलं क्लॅरिनेट काढून मी मार्च वाजवायला लागलो तसं दोना झेझेंनी मान हलवली, ढोल घेतला, आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्या हातात तो असा बसला की जणू माझ्याच बँडमध्ये जन्म काढला असावा. आमच्याकडे पोर्तुगीजांच्या बँडमधून मार्च आलं, त्यांच्याकडेही. मधे दोन समुद्र. मला त्या तळघरात एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं टेबलावरच्या गिटारीमुळेसुद्धा कमी झालं नाही.

"आणि एक नियम," मी शेवटी बजावलं. "पाणी विहिरीतून निघालं की घराचा उंबरा ओलांडेपर्यंत बँड थांबत नाही."

डगचे डोळे चमकले. "कधीच नाही?"

"कधीच नाही. वसईत असं झालेलं नाही."

वसईत विहीर घरापासून फार तर दोनशे पावलांवर असते, हे सांगायचं राहिलं.

विहिरीवरून घरात वाद होताच. रेजिना म्हणे किचनमधला नळ आहे की. मी म्हणे नळाला उंबराचं पाणी म्हणायचं तर पोस्टकार्डाला तार म्हणावं. डगने तोडगा काढला. किचनर गावाजवळ वीज, मोटार, रेडिओ न वापरणारे जुन्या पंथाचे ख्रिस्ती शेतकरी आहेत, त्यांच्याकडे विहिरी आहेत. गुरुवारी यांचा तिथेच कार्यक्रम होता. शुक्रवारी दुपारी पाणी काढून संध्याकाळच्या आत टोरांटो गाठता येईल. मी दोन दिवस घराबाहेर राहणार हे ऐकून रेजिनाने तत्परतेने होकार दिला. सोमवारपासून मी तिच्या प्रत्येक कामात चुका दाखवत होतो.

किचनर, गुरुवार

डगची व्हॅन जुनी, मागचं दार दोरीने बांधलेलं. मोठा रस्ता सोडला की मक्याची शेतं, लाल रंगाची लाकडी कोठारं आणि त्यांच्या शेजारी धान्याचे उंच गोल मनोरे. एवढी जमीन आणि कुंपणावर एकही माणूस गप्पा मारत बसलेला नाही, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटलं.

कार्यक्रम एका कॉलेजच्या हॉलमध्ये होता. खुर्च्या नव्हत्या. श्रोते आले आणि जमिनीवर चक्क आडवे झाले. आमच्याकडे श्रोता आडवा झाला तर बँडचा अपमान, इथे ती दाद. मी भिंतीला टेकून ताठ बसलो.

सुरुवातीला खरखर. मग डगची गिटार काटेचमच्यांसकट कुरकुरली. दहा मिनिटं गेली. मी मनात पोस्टाच्या शिक्क्यांची शाई आठवत होतो. मग दोना झेझेंचा ढोल आला, हळू, एक ठोका, मधे मोकळी जागा, पुन्हा ठोका. ल्यूकने एकच चार सुरांची ओळ धरली आणि सोडलीच नाही. एकच ओळ, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. बदलत काहीच नव्हतं, पण माझं ऐकणं बदलत होतं. पहिल्यांदा कंटाळा आला, मग राग, मग तो गेला, आणि खरखरीतून मला समुद्राचा आवाज येऊ लागला. डग लहानपणी त्या रेडिओपाशी काय ऐकत बसायचा ते मला कळलं. कधी आडवा झालो ते मात्र कळलं नाही. डगने नंतर ते मला दहादा सांगितलं.

किचनर, शुक्रवार

सकाळी बाजार. टोपड्या घातलेल्या बायका, काळ्या टोप्या घातलेले दाढीवाले पुरुष, आणि गाड्यांच्या तळावर घोडागाड्या बांधलेल्या. कोबीचे गड्डे वसईच्या दुप्पट, चवीला निम्मे. सफरचंदाची गरम भजी मिळाली, ती मात्र उत्तम. ल्यूकने माझ्या वाटची दोन खाल्ली आणि फ्रेंचमध्ये माफी मागितली.

शेतकरी म्हातारा होता. डगने आधी चिठ्ठी पाठवून परवानगी घेतली होती. "शहरातल्या पाण्याला काय झालं?" त्याने विचारलं.

"लग्न आहे," मी म्हणालो.

"असं," तो म्हणाला, आणि याहून जास्त खुलाशाची त्याला गरज वाटली नाही. त्याने विहिरीवरची फळी बाजूला केली आणि बादलीला दोर बांधून दिला.

पाणी बाईने काढायचं असतं. बाई एकच होती. मी दोना झेझेंना खुणेने सांगितलं. त्यांनी हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला, मी मराठीत आणि त्यांनी पोर्तुगीजमध्ये प्रार्थना म्हटली, आणि दोघं एकाच वेळी संपलो. बादली वर आली. रेजिनाची वसईची तांब्याची कळशी त्यांनी काठोकाठ भरली आणि डोक्यावर घेऊन व्हॅनपर्यंत चालत आल्या, थेंब सांडला नाही. पुढे ल्यूकचा ट्रॉम्बोन आणि डगच्या पट्ट्याला टांगलेला ट्रान्झिस्टर. छत्री माझ्या हातात. म्हाताऱ्याच्या पंथात देवळातसुद्धा वाद्यं चालत नाहीत, पण तो हात पाठीमागे बांधून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.

कळशीचं तोंड फडक्याने बांधून मी ती दोन पायांत धरून व्हॅनमध्ये बसलो आणि म्हणालो, "छान झालं. आता थांबा."

कुणी थांबलं नाही. डगने चालकाच्या जागी बसून गाडीच्या रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मधे आणली. खरखर सुरू. ल्यूकने खिडकीची काच खाली करून ट्रॉम्बोनची नळी बाहेर काढली. दोना झेझेंनी ढोल मांडीत घेतला.

"डग, टोरांटो शंभर किलोमीटर आहे!"

"कधीच नाही थांबत, असं म्हणालात ना तुम्ही," डग म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. इतक्या आनंदात मी त्याला पाहिलाच नव्हता.

हाती घेतलेलं वाजवणं अर्ध्यात सोडणाऱ्यातला मी नव्हे. क्लॅरिनेट जोडलं. छत्री नाही तर छत्री नाही, मामाने रस्ताभर वाजवलं. चारशे एक नंबरच्या हायवेवर शेजारून जाणाऱ्या गाड्यांतली पोरं हात हलवत होती. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा पंपावर ढोल चालू. ल्यूक वॉशरूमला गेला तोवर त्याची ओळ मी धरली, तो आला तेव्हा त्याने माझी धरली. आमच्या वसईच्या बँडने दहा मिनिटांत चहा मागितला असता.

अर्ध्या वाटेवर ल्यूक दम घ्यायला थांबला आणि ट्रॉम्बोन पुसू लागला. पितळेवर नाव कोरलेलं दिसलं. "कुणाचा हा?" मी विचारलं.

"दोना झेझेंच्या नवऱ्याचा," ल्यूक म्हणाला. "रेसिफेच्या बँडमध्ये वाजवायचे. वारले. अकरा वर्षं झाली."

माझ्या तोंडातून क्लॅरिनेट सुटलं. कळशीकडे पाहिलं. पाणी विधवेने काढलं होतं, तिनेच डोक्यावरून आणलं होतं, आणि ते मी तिला करायला सांगितलं होतं. पहिला विचार आला तो हाच की पुढच्या वळणावर ओतून द्यावं आणि नळाचं भरावं, कुणाला कळणार नाही. लिहायला लाज वाटते, पण आला.

दोना झेझेंनी माझा चेहरा पाहिला आणि ढोल न थांबवता ल्यूकला काही विचारलं. त्याने मला विचारलं, मी खरं ते सांगितलं: आमच्यात असं चालत नाही. रागावतील असं वाटलं होतं. त्या हसल्या आणि ठोक्यांच्या मधेमधे बोलत गेल्या, ल्यूक सांगत गेला. त्यांच्याकडेही नवरा गेल्यावर सासरच्यांनी कार्निव्हलला बाहेर पडू दिलं नव्हतं. वर्षभर खिडकीच्या आत बसल्या. खिडकी बंद असली की नुसता ढोल ऐकू येतो, त्या म्हणाल्या, तोही भिंतीतून. माणसं हसतात ते ऐकू येत नाही. पुढच्या वर्षी स्वतःच ढोल घेऊन सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

मग टिपऱ्याने माझ्या गुडघ्यावर टोकलं. वाजव.

मी वाजवू लागलो, पण डोळ्यांपुढे रेजिना होती. वरच्या किचनमध्ये, कांदा चिरत, जमिनीतून येणारा ढोल ऐकणारी. दीड वर्ष ती असंच ऐकत आली होती, आणि मी हजारो मैलांवरून पत्र पाठवून तिच्या तोंडावर आणखी एक दार लावलं होतं. मला माझी मनापासून लाज वाटली.

टोरांटो, शुक्रवार संध्याकाळ

सात वाजता पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. कोपऱ्यावर वसईच्या, ठाण्याच्या ओळखीच्या बायका लुगडी नेसून उभ्या होत्या, फिलो जीन्सवर गजरा माळून. व्हॅनमधून बँड वाजतच उतरला. एका बाईने रिवाजाप्रमाणे कळशी डोक्यावर घेतली, मी छत्री उघडली, आणि मिरवणूक निघाली. शेजारचे लोक लॉनवर खुर्च्या टाकून बसले होते, ते उभे राहिले.

घराच्या पायऱ्यांपाशी आलो. जाळीच्या दाराआड रेजिना उभी होती, मी सांगितलं होतं तिथेच.

मी छत्री आडवी करून मिरवणूक अडवली. बायका गोंधळल्या. बँड थांबला नाही, तो थांबणार नव्हताच.

"रेजिना, बाहेर ये," मी ओरडलो. ढोलापुढे ओरडावंच लागत होतं.

"काय झालं? पाणी सांडलं?"

"नाही. हे पाणी दोना झेझेंनी काढलंय. त्यांचा नवरा नाही. अकरा वर्षं झाली."

बायकांमध्ये कुजबुज झाली. रेजिना जाळीतून दोना झेझेंकडे पाहत राहिली. त्या सगळ्यांच्या पुढे, घामाने निथळत, ढोल बडवत होत्या.

"मग ओतायचं का?" तिने विचारलं.

"नाही. तू घ्यायचं. डोक्यावर घे आणि आत ने."

"दादा, तूच पत्र लिहिलंस."

"चुकलं माझं. पत्र चुकलं."

"लोक बघतायत."

"बघू देत."

ती हलली नाही. माझी बहीण आहे, हट्टाला माझ्या वरचढ. मला वाटलं, आता हे थकतील आणि सगळंच फसेल. पण मी विसरलो होतो की वाजवतंय कोण. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ल्यूकने तीच ओळ धरलेली, डगच्या ट्रान्झिस्टरमधून खरखर, ठोका तसूभर इकडेतिकडे नाही. जगात हा एकच बँड असेल की ज्याला एक बाई दार उघडत नाही म्हणून आनंद झाला होता. शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा टाळ्या देऊ लागला. फिलो पायऱ्या चढून वर गेली आणि जाळीला हात लावून नुसती "मम्मी" म्हणाली.

रेजिनाने दार उघडलं. पदर खोचला, दोन पायऱ्या उतरली, आणि त्या बाईच्या डोक्यावरची कळशी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी छत्री धरली. फिलो तिच्या शेजारी. वळून आम्ही पायऱ्या चढलो, आणि उंबऱ्याशी येऊन रेजिना थांबली.

"काय झालं?" मी विचारलं. "पाऊल टाक."

"दादा, मी आत गेले की हे थांबणार ना?"

"हो. रीतच आहे तशी."

ती वळली आणि कळशी डोक्यावर तशीच ठेवून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मग मी जाते थोड्या वेळाने," ती म्हणाली. "वाजू देत त्यांना."